झाड सुकतंय की बुडतंय? नव्या रोपाच्या पाण्याचं गणित

१४ जुलै २०२४ ला इंदूरमध्ये एका दिवसात ११ लाखांहून जास्त रोपं लावली गेली आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. 'एक पेड माँ के नाम' ही हाक त्याच वर्षी ५ जूनला दिली गेली होती. तेव्हापासून पावसाची पहिली सर आली की कॉलनीच्या बागेत, मंदिराच्या आवारात, शाळेच्या कुंपणाशी खड्डे खणले जातात आणि आईच्या, आजीच्या नावानं रोपं लागतात. मला हे मनापासून आवडतं. मीही लावते.

पण दिवाळी उरकली, फराळाचे डबे रिकामे झाले की घरोघरी एकच प्रश्न सुरू होतो: आता ह्याला पाणी किती घालायचं? कोणी म्हणतं रोज तांब्याभर. कोणी म्हणतं महिन्यातून एकदा टँकर बोलवा. कोणी म्हणतं जगायचं असेल तर जगेल. ह्या तिन्ही सल्ल्यांनी झाडं मेलेली मी आमच्या इंदूरच्या सुदामा नगरात पाहिली आहेत. झाड लावण्याचं काम दहा मिनिटांचं असतं, ते रुजवण्याचं काम तीन उन्हाळ्यांचं. ह्या तीन उन्हाळ्यांत पाणी नेमकं काय करतं हे एकदा कळलं की बाकीचं सोपं आहे.

## घरून डबा घेऊन आलेला मुलगा

खरगोनहून किंवा धारहून एखादा मुलगा शिकायला इंदूरला, भंवरकुआँच्या होस्टेलात येतो. पहिल्या दिवशी त्याची मेस लागलेली नसते. आईनं दिलेल्या डब्यावरच त्याचं भागतं. शेजारी शंभर माणसांचा स्वयंपाक शिजत असला तरी तो त्याच्या ताटात येत नाही.

नर्सरीतून आणलेल्या रोपाचं तसंच आहे. त्याची सगळी मुळं त्या काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीतल्या मातीत असतात. रोपांची जी नेहमीची लहान पिशवी मिळते तिच्यात जेमतेम दीड लिटर माती मावते आणि त्या मातीतून मुळांना ओढून घेता येईल असं पाणी फार तर दोन पेले. तेवढाच त्याचा डबा. पानं मात्र दिवसभर वाफेच्या रूपानं पाणी सोडत असतात, ते थांबवणं त्यांच्या हातात फारसं नसतं. ऑक्टोबरच्या उन्हात डबा दोन दिवसांत संपतो.

म्हणूनच एक विचित्र गोष्ट घडते. आजूबाजूची जमीन ओली असते, बोट लावलं तर चिखल लागतो, आणि तरी मधला पिशवीचा गोळा आतून कोरडा ठणठणीत असतो. झाड ओल्या जमिनीत उभं राहून तहानेनं मरतं. मुळं बाहेरच्या मातीत शिरेपर्यंत, म्हणजे पहिले तीन-चार आठवडे तरी, पाणी खोडाच्या जवळ, त्या गोळ्यावरच पडायला हवं. नंतर मात्र उलट. आळं हळूहळू बाहेर सरकवत न्यायचं, म्हणजे मुळं ओलीच्या मागे बाहेर जातात.

पिशवी काढताना गोळ्याच्या कडेनं मुळं गोल गोल फिरलेली दिसली तर ती चाकूनं उभी दोन-तीन ठिकाणी कापून टाका. जीव होत नाही, मला माहीत आहे. पण न कापलेली मुळं तशीच गोल वाढत राहतात आणि काही वर्षांनी स्वतःच्याच खोडाला फास लावतात.

## काळी माती: श्रावणात हौद, वैशाखात भेग

'देश मालवा गहन गंभीर, डग-डग रोटी, पग-पग नीर' ही ओळ इकडे माळव्यात लहान मुलालाही पाठ असते. हे 'गहन गंभीर' म्हणजे आपली काळी माती. बेसाल्टचा काळा दगड हजारो वर्षं झिजून ती तयार झाली. तिचे कण इतके बारीक आणि चपटे असतात की पाणी प्यायलं की ती फुगते, वाळली की आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. गहू-हरभऱ्याला तिनं धरून ठेवलेली ओल वरदान आहे. नव्या झाडाला तीच माती दोन टोकांना दोन प्रकारे छळते.

पावसाळ्यात आपण काय करतो? काळ्या जमिनीत खोल, अरुंद खड्डा खणतो, कुदळीनं त्याच्या भिंती गुळगुळीत होतात, मग त्यात वाळू आणि शेणखत घातलेली भुसभुशीत माती भरतो. आपल्याला वाटतं झाडाला गादी घातली. प्रत्यक्षात आपण हौद बांधलेला असतो. आजूबाजूचं पावसाचं पाणी त्या भुसभुशीत जागेत उतरतं आणि चिकण भिंतींतून बाहेर जाऊ शकत नाही. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, तीही श्वास घेतात. मातीच्या पोकळ्यांत पाणीच पाणी झालं की हवा उरत नाही.

उपाय कठीण नाही. खड्डा खोल करण्यापेक्षा रुंद करा, गोळ्याच्या उंचीइतकाच खोल आणि दोन-तीन पट रुंद. भिंती खुरप्यानं खरवडा. तीच काळी माती परत भरा, खत वरून पसरा. लावण्याच्या आदल्या दिवशी खड्डा पाण्यानं भरून ठेवा. चोवीस तासांनंतरही पाणी साचलेलं असेल तर तिथे खड्ड्यात झाड लावूच नका. आजूबाजूची माती ओढून वीतभर उंचवटा करा आणि त्यावर लावा. खोड जमिनीपाशी जिथे जरा पसरतं ती जागा मातीच्या वर दिसली पाहिजे, गाडली गेली की साल कुजायला लागते.

नव्या कॉलन्यांत तर काळी मातीसुद्धा नसते. वर वीतभर माती आणि खाली मुरूम, विटांचे तुकडे, सिमेंटचा मलबा. तिथे प्रश्न उलटा असतो, पाणी टिकतच नाही.

## दोन आजार, एकच चेहरा

आई गेली त्या वर्षी मी अंगणात पारिजातक लावला. जुलैत लावला आणि रोज सकाळी पूजा झाली की तांब्यातलं उरलेलं पाणी आणि वर एक बादली घालायची. पाऊस असला तरी नेम चुकवला नाही. ऑगस्टच्या शेवटी पानं मान टाकायला लागली. मला वाटलं पाणी कमी पडतंय. मी संध्याकाळीही घालायला लागले.

पितृपक्षात देवासहून आत्या आली होती. तिचं आयुष्य शेतात गेलेलं. तिनं पानांकडे पाहिलंच नाही. वाकून खोडापासून वीतभर लांब खुरप्यानं माती उकरली, मूठभर उचलली आणि माझ्यासमोर धरली. माती साबणासारखी चकाकत होती, तिच्या तळहाताला चिकटून राहिली.

"वास घे," ती म्हणाली.

तुंबलेल्या मोरीचा वास.

"अगं, पान बघून पाणी घालू नये. तहानेनंही पान पडतं आणि बुडूनही पडतं. माती काय म्हणते ते बघ. हिला वाफसा कुठे आहे?"

आम्ही रोप उपसलं तेव्हा मुळं काळी पडली होती, बोटात धरली तर साल सुटून नुसती दोरी हातात येत होती. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून पानं तहानेल्यासारखी दिसतात. मी तहानेवर इलाज करत गेले आणि झाड बुडत गेलं. आईच्या नावानं लावलेलं झाड माझ्या हातानं गेलं. हा लेख लिहिण्याचं तेच कारण आहे.

वाफसा हा शेतकऱ्याच्या बोलण्यातला शब्द, मला तरी ह्याहून नेमका शब्द माहीत नाही. मातीत ओल आहे आणि हवाही आहे अशी अवस्था म्हणजे वाफसा. पेरणीला शेतकरी ह्याचीच वाट बघतो. आपल्या झाडासाठी तो ओळखायचा असा: चार-सहा इंच खोलीवरची माती मुठीत घ्या आणि रव्याच्या लाडवासारखी वळा. लाडू हाताला चिकटला, चकाकला, तर पाणी नको. लाडू वळला आणि कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर फुटला, तर वाफसा आहे, एक-दोन दिवस थांबा. लाडू वळतच नाही, हातात खडे आणि भुगा उरतो, तर आज पाणी.

ही परीक्षा दोन ठिकाणी करायची, एकदा गोळ्याच्या मातीत आणि एकदा बाहेरच्या. लहान रोपाच्या गोळ्यात खुरपं चालवू नका, एखादी लाकडी काडी हलकेच खुपसून मिनिटभरानं काढा. ओली माती चिकटून आली की कळतं.

पानांवरून अंदाज घ्यायचाच असेल तर एवढं लक्षात ठेवा: तहानेलेलं पान कडेनं करकरीत होतं, चुरडलं की मोडतं. बुडालेल्याचं पान मऊ असतं, खालची पानं आधी पिवळी पडतात. पण हा पुरावा उशिरा मिळतो.

## बादलीचा हिशोब

एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. आपली कोरडी माती फूटभर खोल भिजायला साधारण ५० मिलीमीटर लागतात. दोन फूट व्यासाच्या आळ्याचं क्षेत्रफळ सुमारे ०.२९ चौरस मीटर. म्हणजे लागलं साधारण १४-१५ लिटर, आपली न्हाणीघरातली एक बादली.

आता त्याच आळ्यात रोज तांब्याभर, म्हणजे एक लिटर पाणी घालून बघा. ते दोन सेंटीमीटर खोल जातं. दुपारपर्यंत उडून जातं. वर हिरवट शेवाळ धरतं, खाली माती कोरडीच, आणि झाडाची कोवळी मुळं ओलीच्या आशेनं वर वर येतात, जिथे मे महिन्यात माती तव्यासारखी तापणार आहे. रोजच्या तांब्यानं आपलं समाधान होतं, झाडाचं होत नाही. बुडवण्याइतकंच हे भुलवणंही वाईट.

म्हणून एकदा भरपूर घाला आणि मग वाफसा सरेपर्यंत थांबा. लावल्यावर पहिले काही आठवडे आळं फूटभरच असतं, तेव्हा पाऊस नसेल तर एक दिवसाआड चार लिटर गोळ्यावर पुरतात. नंतर दोन फुटांचं आळं आणि पूर्ण बादली. पावसाळा संपल्यावर चार-पाच दिवसांनी, डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत आठ-दहा दिवसांनी, होळीनंतर पुन्हा तीन-चार दिवसांनी. दुसऱ्या वर्षी आळं तीन फूट, दोन बादल्या, उन्हाळ्यातही आठवड्यानं. तिसऱ्या वर्षी आणखी रुंद, आणखी जास्त पाणी, पंधरा दिवसांनी. हे आकडे फक्त सुरुवातीला धरायचे. लाडवाची परीक्षा वेगळं सांगत असेल तर तिचं ऐकायचं.

जास्वंद, तगर, मोगरा, कण्हेर अशा झुडपांना अर्धी बादली पुरते, पण मुळं वरवरची असल्यानं जरा लवकर लवकर घालावी लागते. त्यांचं बस्तान वर्षभरात बसतं. कण्हेर तर त्याआधीच.

एक जागा अशी आहे जिथे सगळेच फसतात, मीही: ऑगस्टमधली उघडीप. इंदूरला वर्षाला साडेनऊशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. पण मध्येच आठ-दहा दिवस कडक ऊन पडतं. पावसाळा आहे म्हणून कोणी पाणी घालत नाही आणि दोन पेल्यांचा डबा घेऊन आलेलं रोप तिथेच संपतं. उघडिपीचा चौथा दिवस लागला की माती तपासा. पाच मिलीमीटरच्या रिमझिमीला पाऊस समजू नका, तिनं माती जेमतेम तीन सेंटीमीटर भिजते.

उन्हाळ्यात काळी माती भेगाळलेली असताना बादली एकदम ओतली तर पाणी भेगेतून सरळ खाली निघून जातं. आधी दोन तांबे शिंपडा, खुरप्यानं भेगा बुजवा, दहा मिनिटं थांबा, मग बाकीचं सावकाश. ज्यांना दर चार दिवसांनी जमत नाही त्यांनी पाचेक लिटरचं साधं, रंग न दिलेलं मातीचं मडकं खोडापासून फूटभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरावं आणि भरून झाकण ठेवावं. मडकं माती मागेल तेवढंच पाझरतं. मला प्लॅस्टिकच्या बाटलीला भोक पाडून उलटी लावण्यापेक्षा हे कितीतरी विश्वासाचं वाटतं. बाटलीचं भोक चार दिवसांत चिखलानं बुजतं.

## पाचोळ्याला कचरा म्हणू नका

आपल्या शहराला स्वच्छतेचा अभिमान आहे, तो असायलाच हवा. पण झाडाखाली पडलेलं त्याचंच पान झाडून गाडीत टाकणं ही स्वच्छता नव्हे. आमच्याकडे बागेत आळ्यातला पाचोळा दर सोमवारी खराट्यानं साफ होतो, मी दर मंगळवारी पुन्हा पसरते. अजून समजूत पटलेली नाही, पण मी सोडलेलं नाही.

मातीवर तीन-चार इंच पाचोळा, वाळलेलं गवत किंवा उसाचं चिपाड पसरणं ह्याला आच्छादन म्हणतात. त्यानं माती तापत नाही, ओल उडत नाही, काळ्या मातीला भेगा कमी पडतात आणि सावकाश कुजून त्याचंच खत होतं. मे महिन्यात पाचोळ्याखाली हात घालून बघा आणि मग शेजारच्या उघड्या मातीला लावा. मला दुसरं काही समजावून सांगावं लागणार नाही.

ह्या गोष्टीचा आपल्या गावाशी नातं सांगणारा इतिहास आहे. १९२४ साली इंदूरमध्ये इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री ही संस्था सुरू झाली, जिथे आज कृषी महाविद्यालय आहे. तिचे संचालक अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातला पालापाचोळा, काडीकचरा आणि शेण थरावर थर रचून कंपोस्ट करण्याची रीत बसवली आणि १९३१ मध्ये ती सविस्तर लिहून काढली. जगभर ती आजही 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. परदेशातले बागवाले आपल्या गावाचं नाव खताच्या ढिगामुळे ओळखतात, आणि आपण इथे पानं गोळा करून पेटवतो.

"पाचोळ्यानं वाळवी लागेल" असं हमखास कोणी म्हणतं. भीती अगदीच खोटी नाही. पण वाळवीचं मुख्य खाणं मेलेलं, वाळलेलं लाकूड असतं, आणि जिवंत रोपांत ती तहानेनं आधीच खंगलेल्यावर जास्त चढते. खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवा, पाचोळा खोडाला टेकू देऊ नका, मातीत मूठभर निंबोळी पेंड मिसळा.

## "पूर्वी कोण घालत होतं पाणी?"

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा ऐकावा लागतो, आणि तो रास्त आहे. पिंपळ तर वाड्याच्या भिंतीत उगवतो, त्याला कोण बादली घालतं?

जो पिंपळ भिंतीत आपला आपण उगवला, त्याचं मूळ पहिल्या दिवसापासून स्वतःची वाट शोधत गेलेलं असतं. ते कधी पिशवीत वळलं नाही, तुटलं नाही, त्याची जागा बदलली नाही. आणि त्याच्याबरोबर पडलेल्या हजारो बिया उगवल्याच नाहीत हे आपल्याला दिसत नाही. आपण लावतो ते रोप वर्ष-दोन वर्षं नर्सरीत रोज पाणी पिऊन, सावलीच्या जाळीखाली वाढलेलं असतं. त्याला एकदम उघड्यावर आणलं आपण, तर बस्तान बसेपर्यंत जबाबदारीही आपलीच.

दुसरी शंका पाण्याची. नर्मदेचं पाणी जलूदहून सुमारे ७० किलोमीटर, विंध्याचा चढ चढवून इंदूरला आणावं लागतं. ते झाडांना घालायचं का? हिशोब करा. दर चार दिवसांनी एक बादली म्हणजे महिन्याला शंभर-सव्वाशे लिटर. पाइप सोडून दहा मिनिटं गाडी धुतली की तेवढंच जातं. तरीही भाज्या, तांदूळ, डाळ धुतलेलं पाणी आधी झाडाला द्यावं, त्यात तोटा काही नाही. साबणाचं पाणी रोज नको. आरओच्या नळीतून वाया जाणाऱ्या पाण्यात क्षार जास्त असतात. घरात नर्मदेचं पाणी येत असेल तर ते अधूनमधून साध्या पाण्यात मिसळून चालेल, बोअरिंगचं जड पाणी असेल तर फरशी पुसायलाच वापरा.

आणि भर दुपारी पान मलूल दिसलं, माती तपासली तर कोरडी निघाली, तर संध्याकाळची वाट बघू नका. दुपारच्या पाण्यानं झाड मरत नाही. सकाळी घालणं चांगलं एवढ्यासाठीच की त्यातलं कमी पाणी उडून जातं.

युरिया पहिल्या वर्षी अजिबात नको. त्यानं पानं भराभर फुटतात आणि मुळांना न पेलणारी तहान वाढते. आधाराची काठी सैल बांधा, वर्षभरानं सोडा. जाळीच्या कुंपणाची तार खोडात रुतत नाही ना, ते दर पावसाळ्यात बघा.

## थांबायचं कधी?

तिसरा उन्हाळा निघाला की. त्याआधी हळूहळू अंतर वाढवायचं, एकदम बंद करायचं नाही. चैत्रात नवी पालवी भरघोस फुटली आणि पंधरा दिवस पाणी न घालताही दुपारी पान ताठ राहिलं, तर मुळं आता तुमच्या बादलीपलीकडे पोचली आहेत.

दुसरा पारिजातक मी पुढच्या जुलैत लावला, त्याच जागेपासून सहा फुटांवर, वीतभर उंचवट्यावर. आत्यानं फोनवरून खड्डा किती रुंद खणला ते विचारून घेतलं होतं. पहिल्या मे महिन्यात त्यानं जवळजवळ सगळी पानं टाकली आणि माझा हात बादलीकडे गेला. मग खुरपं घेतलं, माती उकरली, लाडू वळला. खाली टाकला, फुटला. बादली परत ठेवली. यंदा त्याचा तिसरा उन्हाळा झाला. आळं आता खोडापासून दोन हात लांब आहे आणि त्यात पाचोळा आहे, त्याचाच.